ताबा नोटीस, पोस्टाचं पाकीट आणि वकील

बँकेची नोटीस आली की घरातले लोक नोटीस कपाटात ठेवतात आणि पाकीट चुलीत टाकतात. नोटिशीची नक्कल बँकेकडून पुन्हा मिळते, पण पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का कुठेच मिळत नाही. पुढची बरीचशी लढाई तारखांची असते, म्हणून पाकीट नोटिशीलाच टाचून ठेवा. मागच्या बाजूला पेनाने लिहा: कोणत्या दिवशी आलं, कोणी सही करून घेतलं. स्पीड पोस्टचा क्रमांक असेल तर पोस्टाच्या साइटवर टाकून पोचल्याच्या तारखेचा स्क्रीनशॉट लगेच काढा, कारण ती माहिती तिथे कायम राहत नाही. आणि पोस्टमनला 'घ्यायची नाही' म्हणून परत पाठवू नका. नाकारलेली नोटीस मिळाल्यातच धरली जाते, आणि आत काय लिहिलं होतं ते मात्र तुम्हाला कळत नाही.

वकील शोधायच्या आधी एक काम घरीच उरकायचं: नोटिशीत कोणत्या कायद्याचं नाव आहे ते वाचायचं. 'जप्तीची नोटीस' हा गावातला शब्द. त्याखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी खपतात, आणि प्रत्येकीचा दरवाजा वेगळा, वकीलही वेगळा. राष्ट्रीयीकृत बँक, खाजगी बँक, सहकारी बँक किंवा गृहकर्ज कंपनी असेल तर बहुतेक वेळा २००२ चा सरफेसी कायदा (दिवाणी कोर्टात न जाता बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा) आणि कलम १३(२) दिसेल. ते प्रकरण पुढे गेलं तर आपल्या विदर्भात नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जातं. पतसंस्था किंवा गावची सेवा सोसायटी असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम १०१ दिसेल. तो मामला तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे चालतो. सावकाराने वावराचं खरेदीखत करून घेतलं असेल तर २०१४ चा सावकारी कायदा. ट्रॅक्टर ओढून नेला असेल तर त्याचा बहुधा यातल्या कशाशीच संबंध नसतो. तो करारनाम्यातल्या लवादाचा विषय. ही वर्गवारी न करता लोक ओळखीच्या फौजदारी वकिलाकडे जातात. तो माणुसकीने 'पाहू' म्हणतो, आणि त्या पाहण्यात महिना जातो.

पतसंस्थेचं आधी उरकतो, कारण तिथे चूक एकच होते आणि फार महाग पडते. सहायक निबंधकाकडून १०१ ची नोटीस आली की लोक पेशीला जातच नाहीत. 'गेलो तर पैसे भरा म्हणतील' असा हिशेब असतो. मग एकतर्फी वसुली दाखला निघतो. त्याविरुद्ध कलम १५४ खाली विभागीय सहनिबंधकाकडे, म्हणजे अमरावती किंवा नागपूरला, पुनरीक्षण करता येतं. पण अर्ज ऐकून घ्यायच्या आधीच वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. ज्या माणसाकडे हप्त्याला पैसे नव्हते तो निम्मे कुठून आणणार? म्हणून इथे वकील लावायचा तो दाखला निघायच्या आधी, पहिल्याच पेशीला. त्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. सहायक निबंधकाच्या कार्यालयात नियमित दिसणारा तालुक्याचा वकील पुरतो. खातेउताऱ्यातलं व्याज, न लावलेल्या पावत्या, जामीनदाराची सही खरी की खोटी, हे सगळं तिथेच मांडायचं असतं.

आता सरफेसीकडे.

पहिला कागद १३(२) चा. थकलेली सगळी रक्कम ६० दिवसांत भरा, असं त्यात असतं. कायद्यात हे दिवस नोटिशीच्या तारखेपासून लिहिलेत. नोटीस वीस दिवस उशिरा हाती पडली असेल तर तो मुद्दा पाकिटावरूनच मांडता येतो. या टप्प्यावर डीआरटीत जाता येत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण 'आत्ताच स्टे आणतो' म्हणून याच टप्प्यावर पैसे घेणारे भेटतात. डीआरटीचा दरवाजा उघडतो तो बँकेने ताब्याचं पाऊल उचलल्यावर, म्हणजे १३(४) नंतर. त्याआधी करायचं ते एकच: कलम १३(३ए) खाली लेखी हरकत. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने कारणांसह उत्तर द्यायचं असतं. ही हरकत तालुक्याचा चांगला दिवाणी वकील लिहू शकतो, आणि ती त्याच्याकडूनच लिहून घ्यावी, कारण गावची परिस्थिती त्याला समजावून सांगावी लागत नाही. बँकेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, शिवाय शाखेत नेऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शाखेतला बाबू शिक्का देत नसेल तर वाद न घालता पोस्टाची पावती सांभाळा.

हरकतीत रडगाणं नको. 'पाऊस झाला नाही, बोंडअळी आली' हे खरं असतं, पण त्याने नोटीस चुकीची ठरत नाही. उपयोगी पडतात ते वेगळेच मुद्दे. खातं थकीत, म्हणजे एनपीए, कधी केलं? साधारण कर्जाला ९० दिवस थकबाकी लागते; पीककर्जाला कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकांसाठी एक. नोटिशीतली रक्कम खातेउताऱ्याशी जुळते का? मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी राहिली असेल तर हा कायदा लागूच होत नाही. कर्ज बिगरबँक फायनान्स कंपनीचं आणि २० लाखांच्या खालचं असेल तर तिला सरफेसी वापरता येत नाही (गृहकर्ज कंपन्यांचा हिशेब वेगळा). गहाणाची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत आहे का? नोंदीशिवाय बँकेला ताब्याची कारवाई करता येत नाही. कर्जदार वारला असेल आणि नोटीस मयताच्याच नावाने निघाली असेल तर तेही लिहा. सोबत खातेउतारा चाळून कर्जासोबत काढलेल्या विम्याचा हप्ता कापलाय का ते पाहा. हा हप्ता घरच्यांना माहीतच नसतो, आणि कधी कधी त्याच एका ओळीवर प्रकरण मिटतं.

नोटीस मिळाल्यावर घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून देण्याचा सल्ला पानटपरीवर फुकट मिळतो. करू नका. कलम १३(१३) प्रमाणे नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती मालमत्ता विकता, भाड्याने देता किंवा दुसऱ्या कोणाच्या नावे करता येत नाही. अशा बक्षीसपत्राने घर वाचत नाही, उलट न्यायाधिकरणासमोर तुमची नियत वाईट दिसते.

वकील शोधायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. त्यामुळे भिंतीवर, पत्रकावर किंवा व्हॉट्सअॅपवर 'कर्जातून मुक्ती, जप्ती थांबवा' असं लिहिलेलं दिसलं की तो वकील नाही, एजन्सी आहे असं समजा. नाव पक्कं करायला दोन-तीन वाटा आहेत. पहिली, डीआरटीची रोजची कॉज लिस्ट, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. ती drt च्या सरकारी साइटवर असते आणि त्यात पक्षकारांसोबत वकिलांचीही नावं असतात. नागपूरच्या चार-सहा दिवसांच्या याद्या सेतू केंद्रावर किंवा मोबाइलवर उघडून पाहिल्या की कर्जदाराच्या बाजूने वारंवार कोण उभं राहतं आणि बँकेच्या बाजूने कोण, हे दिसतं. दुसरी, तालुक्याच्या बार रूममध्ये सरळ विचारायचं: 'साहेब, डीआरटीचं काम नागपूरला कोण बघते?' तालुक्याचे वकील हे सांगतात. तिसरी, ज्याच्या घराला अशी नोटीस लागून गेली त्याच्याकडून वकिलाचं नाव घेण्यापेक्षा त्याची फाईल पाहायला मागायची. हरकतीचं पत्र आणि अर्ज कसा लिहिलाय हे अर्ध्या तासात कळतं. केस हरलेल्या माणसाची फाईलसुद्धा कधी कधी चांगल्या वकिलाची असते.

मग एक गोष्ट तपासायची जी फार थोडे लोक तपासतात. कर्ज मंजूर करताना बँकेने मालमत्तेचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या तपासणीचा अहवाल, घेतलेला असतो. तो कोणत्या वकिलाने दिला, हे तुमच्या कर्जाच्या कागदांत सापडतं. छोट्या तालुक्यात चांगले दिवाणी वकील दोन-चारच, आणि त्यातले अर्धे कोणत्या ना कोणत्या बँकेच्या पॅनलवर. ज्याने तुमच्याच जमिनीचा रिपोर्ट बँकेला दिला तो तुमच्या बाजूने उभा राहू शकत नाही, आणि सरळ माणूस असेल तर तो स्वतःच नाही म्हणतो. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचं काम करत असेल तरी विचारा. संकोच करू नका. 'साहेब, तुम्ही या बँकेच्या पॅनलवर आहात काय?' या प्रश्नाला कोणताही वकील रागावत नाही. जो रागावतो त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

पैसेच नसतील तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. आपल्याकडे घरकर्जात बायको बहुधा सहकर्जदार असते. तिने तिच्या नावाने अर्ज करावा, तो तिचा स्वतंत्र हक्क आहे. विधी सेवा कायद्यात 'न्यायालय' या शब्दात न्यायाधिकरणही येतं, म्हणून 'डीआरटीसाठी वकील देत नाही' असं कोणी तोंडी सांगितलं तर लेखी उत्तर मागा. १५१०० ही विधी सेवेची हेल्पलाइन आहे.

पहिल्या भेटीला फाईल लावून जा. मंजुरीपत्र, कर्जकरार, गहाणाचा कागद, सुरुवातीपासूनचा खातेउतारा (शेवटच्या वर्षाचा नव्हे), नोटीस आणि पाकीट, दिलेली हरकत, बँकेचं उत्तर, ताबा नोटीस, घरावर चिकटवलेल्या कागदाचा तारखेसह फोटो, वर्तमानपत्रातलं कात्रण. मालमत्तेसाठी सात-बारा, आठ-अ. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. शहरालगत असेल तर आखीव पत्रिका आणि अकृषक आदेश. नझूलची (सरकारी) जागा असेल तर पट्ट्याचा कागद. तारखेच्या क्रमाने लावा, पानांवर क्रमांक टाका, वर एका पानावर तारखांची यादी ठेवा. मूळ कागद दाखवायचे, द्यायचे नाहीत. दोन झेरॉक्स संच द्यायचे. अशी फाईल समोर आली की वकील अर्ध्या तासात मत देऊ शकतो. पिशवीत कोंबलेले कागद दिले तर तो अर्धा तास ते वेगळे करण्यात जातो आणि मत पुढच्या पेशीवर ढकललं जातं.

भेटीत विचारायचं ते सरळ. आज आपण कोणत्या कलमाच्या टप्प्यावर आहोत? शेवटची तारीख कोणती? अर्ज तुम्ही स्वतः चालवणार की ज्युनियर? स्टे मिळवायचा तर किती रक्कम भरायची तयारी ठेवू? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि वकिलाची पारख त्यावरच होते. डीआरटीत स्टे फुकट मिळणं विरळाच. थकबाकीचा काही भाग अमुक दिवसांत भरा, तोवर ताबा थांबवा, अशा अटीवरच तो बहुधा मिळतो. अट पाळली नाही की स्टे आपोआप उठतो. जो वकील पहिल्याच भेटीत 'आधी किती पैसे उभे करू शकता ते सांगा' म्हणतो तो तुम्हाला टाळत नाही, तो काम ओळखतो. 'एक रुपया न भरता स्टे देतो, ग्यारंटी' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. बँकेने आधीच कॅव्हेट टाकलेलं असू शकतं. ते ९० दिवस चालतं आणि तेवढ्या काळात बँकेला ऐकल्याशिवाय आदेश होत नाही. चांगला वकील हे आधी तपासतो.

फी ठरवताना टप्प्याने ठरवा: अर्ज लिहून दाखल करायचे किती, अंतरिम आदेशाच्या सुनावणीचे किती, पुढच्या प्रत्येक पेशीचे किती, नागपूरच्या वकिलाबरोबर तालुक्याचा वकीलही असेल तर त्याचे कोण देणार. न्यायाधिकरणाची फी यात येत नाही. ती वेगळी आणि ठरलेली आहे. कर्जदाराने केलेल्या अर्जावर १० लाखांच्या खालच्या रकमेला प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला ५०० रुपये. त्यावर ५,००० अधिक १० लाखांपुढच्या प्रत्येक लाखाला २५०, आणि जास्तीत जास्त १ लाख. म्हणजे साडेसात लाखांच्या मागणीला ४,००० रुपये, अठरा लाखांना ७,०००. 'कोर्ट फी पन्नास हजार' असं कोणी सांगितलं तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. घर वाचलं तर किमतीचा अमुक टक्का द्यायचा, अशी फी वकिलाला ठरवता येत नाही. नियमांत त्याला मनाई आहे. 'मॅनेजरला द्यावे लागतात' म्हणून वेगळे पैसे मागितले की तिथेच उठा. फी ऑनलाइन किंवा चेकने द्या. नगद दिली तर पावती घ्या.

वकालतनाम्यावर सही करताना त्यात पक्षकाराचं नाव, बँकेचं नाव आणि कोणत्या न्यायाधिकरणासमोर, हे लिहिलेलं असलं पाहिजे. कोऱ्या वकालतनाम्यावर सही करून देणं आपल्याकडे सर्रास चालतं, कारण पुन्हा नागपूरला कोण येणार! पुसदहून किंवा मेहकरहून जाऊन-येऊन एक दिवस मोडतो, सिरोंच्याहून निघालात तर मुक्कामच. तरी एक दिवस मोडा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही तर कधीच नको. वकिलाचा सनद क्रमांक वकालतनाम्यावर असतो, तो टिपून घ्या. प्रतिज्ञापत्रातली वाक्यं वाचून घ्या, मराठीत समजावून मागा. 'मी कर्ज घेतलंच नाही' असं एखादं वाक्य घाईत घुसलेलं असतं आणि उलटतपासणी न होताच ते आपला अर्ज बुडवतं.

तारखांची साखळी अशी चालते. ६० दिवस संपले की बँक ताबा घेते. पहिला ताबा बहुधा कागदावरचा, 'प्रतीकात्मक': अधिकारी येतो, दारावर नोटीस लावतो, फोटो काढून जातो. घरात कोणाला काही जाणवत नाही, चूल तशीच पेटते, आणि लोक समजतात संकट टळलं. पण कलम १७ खाली डीआरटीत अर्ज करायचे ४५ दिवस त्या नोटिशीपासूनच धावू लागतात. ताबा नोटीस सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कात्रण ठेवा, तारीख चुकली असेल तर तो मुद्दा आहे.

नंतर बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्याकडे (म्हणजे कलेक्टरकडे) किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष ताब्यासाठी अर्ज करते. इथे एक गैरसमज जिल्हाभर पसरलेला आहे. लोक कलेक्टर कचेरीत निवेदनं देतात, मोर्चे नेतात, आमदाराचं पत्र जोडतात. या टप्प्यावर कलेक्टरला कर्जदाराचं म्हणणं ऐकून बँक बरोबर की चूक हे ठरवायचा अधिकार नाही. बँकेचं प्रतिज्ञापत्र पुरं आहे का एवढंच तो पाहतो आणि तहसीलदाराला पोलीस बंदोबस्तासह ताबा द्यायला सांगतो. निवेदनात घालवलेले दिवस डीआरटीच्या पंचेचाळिसातून वजा होतात. दिवाणी न्यायालयात दावा टाकायलाही कलम ३४ ची आडकाठी आहे. आणि थेट नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात रिट करायची हौस महाग पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सत्यवती टंडन प्रकरणात हायकोर्टांना अशा रिट सहसा घेऊ नका असं सुनावलेलं आहे, आणि 'आधी डीआरटीत जा' म्हणून ती परत येते.

लिलावाआधी कर्जदाराला ३० दिवसांची विक्री नोटीस मिळाली पाहिजे. तीत राखीव किंमत असते आणि ती मान्यताप्राप्त मूल्यांककाच्या अहवालावरून ठरलेली असावी लागते. किंमत फारच कमी वाटली तर तो अहवाल वकिलाकरवी मागवा. आणखी एक: पूर्वी विक्री पक्की होईपर्यंत पैसे भरून मालमत्ता सोडवता यायची. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत लिलावाची जाहीर सूचना निघेपर्यंतच उरली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिर प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केलं. सोयरे-धायरे पैसे जमवून आणतात ते नेमके पेपरात जाहिरात दिसल्यावर. तेव्हा उशीर झालेला असतो.

शेतजमिनीचं मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण विदर्भात खरा वाद तिथेच होतो. कलम ३१(आय) प्रमाणे शेतजमिनीवरच्या गहाणाला सरफेसी लागू नाही. हे वाक्य गावोगाव पोचलंय, पण अर्धंच. लोक सात-बारा दाखवून निश्चिंत होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ब्लू कोस्ट हॉटेल्स प्रकरणात आणि पुन्हा जानेवारी २०२३ मध्ये के. श्रीधर प्रकरणात सांगितलं आहे की महसूल दप्तरात 'शेती' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. गहाण दिलं तेव्हा जमीन खरोखर शेतीसाठी वापरात होती का ते बघायचं, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी कर्जदाराची.

म्हणून वकिलाकडे जाताना पिकाचा पुरावा न्यायचा, तोही गहाण दिल्याच्या वर्षाचा. गाव नमुना १२ मधला पीकपेरा, २०२१ नंतरचं गहाण असेल तर ई-पीक पाहणीची नोंद, पीकविम्याची पावती, कापूस विकल्याची पट्टी, बाजार समितीतली सोयाबीन-तुरीची काटापट्टी, विहिरीच्या किंवा मोटारपंपाच्या विजेचं बिल. तलाठ्याने पेरा न भरता 'पड' लिहून ठेवलेलं असेल तर या बाकीच्या कागदांवरच भिस्त. अडचण येते ती वावराच्या एका कोपऱ्यात डाळमिल, जिनिंगचं शेड, गोदाम किंवा पोल्ट्री बांधलेली असते तेव्हा. कर्ज त्या धंद्यासाठी, गहाण मात्र अख्खा गट. अशा वेळी शेडखालची किती आर आणि पिकाखालची किती, हे मोजणीच्या नकाशावर दाखवावं लागतं. मोजणीचा अर्ज लगेच टाका, कारण भूमी अभिलेख कार्यालयाची तारीख आपल्या ४५ दिवसांसाठी थांबत नाही. अकृषक आदेश झालेल्या भागाला शेतीचं संरक्षण मागू नका. ते मिळत नाहीच, आणि उरलेल्या भागाच्या खऱ्या मुद्द्यावरही शंका येते.

सरफेसी लागू नाही म्हणजे कर्ज माफ, असंही नाही. बँक २० लाखांवरच्या रकमेसाठी डीआरटीत वसुलीचा मूळ अर्ज करू शकते, त्याखाली दिवाणी न्यायालयात गहाणाचा दावा. फरक एवढाच की तिथे निकाल लागल्यावर वसुली होते, आधी ताबा नाही. तेवढा वेळ मिळतो.

वेळ मिळाला की तडजोड बोलायची, आणि ती वकिलाकडूनच लिहून घ्यायची. एकरकमी परतफेडीचा अर्ज 'हक्क राखून' असा शब्द घालून द्यावा, नाहीतर तोच कागद पुढे कबुलीजबाब म्हणून समोर येतो. तारीख आपल्या पिकाच्या हिशेबाने मागा. जूनमध्ये बी-बियाण्याला पैसे नसताना 'तीस दिवसांत भरतो' कबूल करून लोक तडजोड मोडून घेतात. सोयाबीन दिवाळीच्या आसपास घरात येते, कापसाची वेचणी पुढे चालते, तूर त्याहून उशिरा. हप्ते त्याप्रमाणे पाडून मागितले तर बँक काही वेळा मानते. मंजुरी लेखी हवी: किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, चुकल्यास काय, आणि भरल्यावर दावे मागे घेऊन बेबाकी दाखला देणार हे शब्द. वसुली एजंटाच्या हातात नगद देऊ नका, थेट कर्जखात्यात भरा. एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केलेली आहे. फोन आले तर नंबर आणि वेळ टिपून वकिलाला द्या.

वकील फोन उचलत नाही ही तक्रार फार ऐकू येते. दर वेळी ती खोटी नसते, पण आधी आपल्या बाजूने तपासा: प्रकरण क्रमांक माहीत असेल तर पुढची पेशी आणि झालेला आदेश साइटवर दिसतो. अर्ज दाखल केल्याचा डायरी क्रमांक पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. तो मिळत नसेल तर अर्ज दाखलच झालेला नाही, असं समजून हालचाल करा. वकील बदलायचा असेल तर जुन्याकडून ना हरकत लिहून घेणं ही पद्धत आहे. फी बाकी आहे म्हणून त्याला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केलं. बाकी फीचा वाद वेगळा सोडवावा, कागद आधी सोडवावेत. गैरवर्तणुकीची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते.

पैसे पूर्ण भरून झाले तरी वकिलाचं काम संपत नाही, आणि फी ठरवताना हे शेवटचं काम त्यात धरून घ्यावं. मूळ खरेदीखत आणि बाकीचे कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि गहाणाची नोंद काढायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर बोजा कमी करायचा अर्ज करायचा. मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो, आणि त्यानंतर इतर हक्कातला बोजा उतरलेला नवा सात-बारा काढून तोही त्याच फाईलला लावायचा, पाकिटाच्या शेजारी.